जुगाडाला मीही अंगठा दिला होता

काही महिन्यांपूर्वी आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एक फोटो आला. टेबलावर छोटा काटा, पितळी पुंगळ्यांचा ढीग आणि बारुदीचा नवा डबा. पाठवणारा आमचा वर्गमित्र, अमेरिकेत टेक्सासला असतो. शनिवारी-रविवारी रेंजवर पिस्तूल चालवायचा त्याला नाद आहे. तिकडे हे कायदेशीर आहे, आणि वापरलेल्या पुंगळीत नवा प्रायमर, बारूद आणि गोळी बसवून घरीच काडतूस भरणंही कायदेशीर आहे. (आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवलं तर शस्त्र कायदा १९५९ आहे. कुणी डोकं चालवू नका.)

फोटोखाली त्यानं लिहिलं होतं, "नेहमीची बारूद सहा महिन्यांपासून मिळत नाही भाऊ. ही दुसरी मिळाली. दिसायला सेम टू सेम. जुगाड जमला." खाली वीस-बावीस अंगठे. "वऱ्हाडी डोकं!" वगैरे. त्यात एक अंगठा माझाही.

पंधरा दिवसांनी दुसरा फोटो आला. उजव्या तळहाताला टाके. पिस्तुलात पुंगळी फाटली, मॅगझिन खालून निसटून उडालं, मुठीची चिप तळव्यात घुसली. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. मी फोन केला तर म्हणतो, "अबे, वजन तर तेवढंच टाकलं होतं."

तेवढंच वजन! घोळ तिथंच आहे.

पिस्तुलाच्या काडतुसात बारूद किती असते? ९ एमएममध्ये साधारण चार-पाच ग्रेन. १ पौंडाचे ७,००० ग्रेन होतात. म्हणजे चिमूटभर, पाव-तीन दशांश ग्रॅम. पण ती किती वेगानं जळते यावर सगळा खेळ. आपल्या गाडीच्या चाकात ३२-३५ पीएसआय हवा असते. ९ एमएमसाठी अमेरिकी उद्योगानं ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा आहे ३५,००० पीएसआय. हजारपट. त्यातही जलद जळणारी बारूद पुंगळीत इतकी कमी जागा घेते, की चुकून दोनदा पडली तरी मावते आणि डोळ्याला कळत नाही. हळू बारुदीचं वजन जलद बारुदीला लावलं की दाब कुठं जाईल ते सांगता येत नाही.

लोकांचा घोटाळा का होतो तेही समजून घ्या, कारण माझा मित्र मूर्ख नाही, इंजिनिअर आहे. हॉजडनची एचपी-३८ आणि विंचेस्टरची २३१ ही एकच बारूद, फक्त डबे दोन. हे खरं आहे. मग माणसाला वाटतं, बाकीच्याही अशाच असतील. उलट, ४८९५ हा एकच आकडा दोन डब्यांवर असतो, एकावर आयएमआर, एकावर एच, आणि आतला माल वेगळा. ती रायफलची बारूद आहे, पण मुद्दा तोच. नाव वेगळं आणि माल एक, नाव एक आणि माल वेगळा, दोन्ही चालतं या धंद्यात. कोणती किती जलद याचे तक्तेही असतात. पण तो तक्ता म्हणजे नुसता क्रम, भरायचं माप नाही. माप कंपनीच्या पुस्तकात असतं, त्या बारुदीचं, त्या गोळीचं.

आता तुटवडा. २०२० मध्ये कोरोना आणि दंगलींच्या भीतीनं अमेरिकेत बंदुका घ्यायला झुंबड उडाली. एफबीआयकडे त्या वर्षी ३.९७ कोटी पार्श्वभूमी तपासण्या झाल्या. प्रायमर तर औषधालाही मिळेना. ते जरा निवळतंय तोवर युक्रेनचं युद्ध आलं. तोफगोळ्यांना बारूद लागते, बारुदीला नायट्रोसेल्युलोज, आणि नायट्रोसेल्युलोजला काय लागतं? कापूस. जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहते ना ती बारीक लव, लिंटर, तीच. आमच्या गावात सरकीच्या गाड्या भरून जातात, पण ही लव तोफेत जाते हे मला चाळिशीत कळलं. तिचा मोठा पुरवठा चीनकडून, आणि तो अडल्याची तक्रार २०२४ मध्ये युरोपनं उघडपणे केली. २०२३च्या अखेरीलाच व्हिस्टा आउटडोअर या अमेरिकी कंपनीनं बारुदीचा जागतिक तुटवडा येतोय म्हणून भाव वाढवत असल्याचं जाहीर केलं होतं. त्यात लोकांची साठेबाजी. एक डबा लागतो तिथं आठ घेतले, आपल्याकडे युरियाचं होतं तसंच.

पर्याय शोधू नये असं मी म्हणत नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीला कापूस मिळेना तेव्हा त्यांनी लाकडाच्या लगद्यापासून बारूद केली. पण ती रसायनशास्त्रज्ञांनी केली, कारखान्यात, चाचण्या घेऊन. गॅरेजमध्ये "दिसते सारखी" म्हणून नाही. आणि हा माल काय असतो हे विदर्भाला सांगायला नको. २४ जानेवारी २०२५ला भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, ८ जण गेले. तो तर सरकारी कारखाना होता.

राग मला आमच्या अंगठ्यांचा आहे. बातमीदारीत मी २० वर्षं काढली. समोरच्यानं काही सांगितलं की "कशावरून?" विचारायचं, डिप्लोमात पहिल्या आठवड्यात शिकवतात. ग्रुपवर मात्र मी विचारलं नाही. बाइकचा ब्रेक तारेनं बांधला, वाह. फ्यूजच्या जागी जाड तार घातली, वाह. गॅसच्या नळीला चिकटपट्टी, वाह. टंचाईत माणूस आधीच मोहात असतो, त्याला आपण वर ढकलतो.

मित्राचा हात बरा आहे, करंगळी थोडी बधिर राहते म्हणाला. त्या भरणीतली १८० काडतुसं शिल्लक होती. ती एकेक करून तो उघडतोय, गोळी बाजूला, बारूद बाजूला. पुन्हा डब्यात ओतू नकोस, असं मी लगेच लिहिलं. कोणत्या डब्यातली कोणती, हे आता त्यालाही खात्रीनं सांगता येत नाही.