विश्लेषण : ‘तलवार आणि जादू’च्या वेगवान साहसमालिका आजही का वाचल्या जातात?

डिसेंबर १९३२ च्या ‘विअर्ड टेल्स’ या अमेरिकी मासिकात एक कथा छापून आली. तिचा नायक राजा होता, पण राजघराण्यातला नव्हता. आधीच्या राजाला ठार करून त्याने सिंहासन मिळवले होते. दरबारी कामकाजाचा त्याला कंटाळा होता आणि त्या रात्री त्याच्या शयनगृहात मारेकऱ्यांची टोळी शिरणार होती. नायकाचे नाव कॉनन. लेखक रॉबर्ट ई. हॉवर्ड, वय २६, टेक्सासमधल्या क्रॉस प्लेन्स या लहानशा गावात आई-वडिलांबरोबर राहणारा. ही कथाही मूळची नवी नव्हती. कुल नावाच्या दुसऱ्या नायकाची विकली न गेलेली कथा हॉवर्डने नव्याने लिहून काढली होती. स्वस्त, खरबरीत कागदावर छापलेले हे मासिक वाचून फेकून देण्यासाठीच असे. त्यातला हा नायक मात्र कॉमिक्स, चित्रपट, खेळ आणि नव्या नव्या आवृत्त्यांतून नव्वदहून अधिक वर्षे टिकून आहे.

या कथांना ‘पोरकट’ म्हणून बाजूला सारणे सोपे आहे आणि समीक्षेने बराच काळ तेच केले. मुले-तरुण वाचत नाहीत, अशी तक्रार घरोघरी ऐकू येत असताना तरी, जे साहित्य लोकांनी कोणी न सांगता वाचले ते का वाचले, हे तपासायला हवे.

हा प्रकार नेमका कोणता?

१९६१ मध्ये ब्रिटिश लेखक मायकेल मूरकॉक यांनी चाहत्यांच्या एका नियतकालिकातून प्रश्न विचारला, की हॉवर्डसारख्या कथांना काय म्हणायचे? अमेरिकी लेखक फ्रिट्झ लायबर यांनी उत्तर दिले : ‘स्वोर्ड अँड सॉर्सरी’, म्हणजे तलवार आणि जादू. नाव चिकटले. लायबर यांचे स्वतःचे नायक, उंचापुरा फाफर्ड आणि बुटका चपळ ग्रे माउझर, १९३९ पासून लँखमार नावाच्या बकाल शहरात चोऱ्या करत होते. त्याच १९६१ मध्ये मूरकॉक यांचा एल्रिक अवतरला : अशक्त, पांढराफटक सम्राट, ज्याची तलवार माणसांचे आत्मे पिते.

टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’पासून हे घराणे वेगळे आहे. तिथे सारे जग वाचवायचे असते. इथे नायकाला रत्न चोरायचे असते, उधारी फेडायची असते किंवा नुसते सकाळपर्यंत जिवंत राहायचे असते.

वेग येतो कुठून?

नुसत्या मारामारीने वेग येत नाही. सलग दहा पाने तलवारी खणखणल्या तर वाचक जांभई देतो. मार्च १९३३ मध्ये आलेली ‘द टॉवर ऑफ द एलिफंट’ या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. चोरांच्या वस्तीतल्या दारूच्या गुत्त्यात तरुण कॉनन एका मनोऱ्याबद्दल ऐकतो. त्यात एका मांत्रिकाचे मौल्यवान रत्न आहे. लोक त्याला हसतात. त्याच रात्री तो निघतो. बागेत सिंह, वर चढल्यावर राक्षसी कोळी, मग दार. प्रत्येक अडथळा आधीच्यापेक्षा वेगळा आहे आणि वाचकाला फक्त पुढची पायरी दिसते. शहराचा इतिहास, राजांची वंशावळ, जादूचे नियम यांपैकी काहीही आधी समजावून सांगितले जात नाही. चालता चालता जेवढे कानावर पडेल तेवढेच.

दारापलीकडे मात्र कथा एकदम थांबते. तिथे हत्तीचे मस्तक असलेला, आंधळा केलेला, छळाने मोडलेला एक जीव बसलेला असतो. तो दुसऱ्या ग्रहावरून आलेला आहे आणि मांत्रिकाने त्याला गुलाम करून त्याच्याकडून विद्या काढून घेतली आहे. चोरी करायला आलेला दांडगट पोरगा ओशाळतो. या अत्याचारात आपलाही दोष असल्यासारखे त्याला वाटते. (गणपतीसमोर हात जोडत वाढलेल्या वाचकाला हे दृश्य अमेरिकी वाचकापेक्षा वेगळे जाणवेल.) पुढे सूड उगवला जातो, मनोरा कोसळतो आणि कॉनन रिकाम्या हाताने बाहेर पडतो. धावपळीनंतरची ती स्तब्धता या कथेचा प्राण आहे. हॉवर्डची नक्कल करणाऱ्या असंख्य लेखकांनी धावपळ उचलली, थांबणे उचलले नाही. म्हणूनच त्यांच्या पुस्तकांचे ढीग जुन्या बाजारात गेले.

जादू नायकाच्या हातात का नसते?

या कथांत जादू बहुतेक वेळा शत्रूकडे असते. नायकाला ती कळत नाही, तो तिला भितो, तिच्या वासानेही त्याच्या अंगावर काटा येतो. त्याच्याकडे शरीर, हत्यार आणि थोडे शहाणपण एवढेच. १९३० च्या दशकातील मंदीत, बँका बुडत असताना आणि दूरच्या शहरातल्या न दिसणाऱ्या माणसांच्या निर्णयांनी गावे उद्ध्वस्त होत असताना, हे चित्र वाचकाला का भिडले असेल हे सांगायला समीक्षक लागत नाही. न समजणारी सत्ता मनोऱ्यात बसलेली आहे आणि कोणीतरी भिंत चढून तिच्यापर्यंत पोहोचतो. आजच्या वाचकाच्या आयुष्यातही असे मनोरे कमी नाहीत.

एल्रिकने हे गणित उलटे केले. त्याची ताकद त्या आत्मे पिणाऱ्या तलवारीतूनच येते आणि तीच तलवार त्याच्या जवळच्या माणसांना गिळते. पोलंडच्या आंद्रेय सापकोव्स्की यांचा गेराल्ट, ज्याची पहिली कथा डिसेंबर १९८६ मध्ये ‘फांतास्तिका’ मासिकात आली, राक्षस मारण्याचे पैसे घेतो आणि मोबदल्यावरून घासाघीस करतो. प्रकार तोच, पण प्रत्येक चांगल्या लेखकाने त्यात आपल्या काळाची एक अडचण ठेवली.

मालिका असूनही कुठूनही कशी वाचता येते?

उत्तर अर्थकारणात आहे. हॉवर्डला शब्दाच्या हिशेबाने पैसे मिळत आणि तेही छापून आल्यावर. १९३५ मध्ये मासिकाकडे त्याचे ८०० डॉलरहून अधिक येणे थकले होते. पुढचा अंक वाचकाच्या हाती पडेलच याची खात्री नसे, म्हणून प्रत्येक कथा स्वतःपुरती पूर्ण असावी लागे. ‘विअर्ड टेल्स’मध्ये आलेल्या १७ कॉननकथांचा क्रमही आयुष्याच्या क्रमाने नाही. पहिल्या कथेत तो राजा आहे, तिसरीत कोवळा चोर. एखाद्या म्हाताऱ्याने आठवेल तशा गोष्टी सांगाव्यात, तशी ही मांडणी आहे. १९३६ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी हॉवर्डने आयुष्य संपवले. मालिकेला शेवट असा नाहीच आणि त्याने काही बिघडत नाही.

आताच्या जाडजूड खंडांशी ही तुलना उद्बोधक ठरते. ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’चा पाचवा खंड २०११ मध्ये आला आणि सहाव्यासाठी वाचक वर्षानुवर्षे ताटकळले. मोठ्या कॅनव्हासचे आपले सुख असते, पण त्यासाठी वाचकाला आधी हजार पाने गुंतवावी लागतात. दुपारच्या लोकलमध्ये सुरू करून उतरण्याआधी संपणाऱ्या गोष्टीला ती अट नसते.

आक्षेप खरे आहेत का?

खरे आहेत आणि किरकोळ नाहीत. हॉवर्डच्या कथांत काळ्या माणसांचे, पूर्वेकडच्या लोकांचे चित्रण अनेकदा उघड वर्णद्वेषी आहे. स्त्रिया बऱ्याचदा सोडवून आणण्यापुरत्या येतात. ‘त्या काळी तसेच होते’ हा बचाव लंगडा आहे, कारण त्याच मासिकात ऑक्टोबर १९३४ पासून सी. एल. मूर या लेखिकेची जिरेल ही स्वतःचा किल्ला राखणारी तलवारबाज नायिका वावरत होती.

भारतीय वाचकासाठी १९३४ चीच ‘द पीपल ऑफ द ब्लॅक सर्कल’ ही लघुकादंबरी मजेदार आणि डोकेदुखीची आहे. ती घडते ‘वेंध्य’ नावाच्या कल्पित हिंदुस्थानात. राजधानी अयोध्या, सरदार क्षत्रिय, राणीला म्हणायचे ‘देवी’ आणि तिचे नाव यास्मिना! इंग्रजी साहसकथांतून उचललेल्या सरहद्दीची ही खिचडी आहे. तरीही ही राणी नुसती सोडवून आणण्याची वस्तू नाही. भावाच्या खुनाचा सूड घ्यायला ती स्वतः निघते आणि शेवटी ती आणि कॉनन आपापल्या सैन्याकडे बरोबरीच्या नात्याने परततात. दोष आणि गुण एकाच पानावर असतात, हे मान्य करूनच असे लेखन वाचावे लागते.

यावरचे सर्वांत चांगले उत्तर चार्ल्स साँडर्स या कृष्णवर्णीय लेखकाने दिले. लहानपणापासून आवडलेल्या या कथांतला वर्णद्वेष त्यांना सलत होता. त्यांनी प्रकार सोडला नाही. न्युम्बानी नावाची कल्पित आफ्रिका उभी करून तिथे ‘इमारो’ हा नायक आणला. १९८१ मध्ये ते पुस्तकरूपात आले. दोष साच्यात असता तर हे शक्य झाले नसते.

मराठीत अशी परंपरा होती का?

या मातीत अद्भुताला तोटा नव्हता. वेताळाला पाठीवर घेऊन निघालेला विक्रम हा तलवार, स्मशान आणि कोडे यांचा जुना संगम. प्रत्येक गोष्ट सुटी आणि तरी मालिका. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे प्रचंड खंड काढले, तर देवकीनंदन खत्रींच्या १८८८ च्या ‘चंद्रकांता’ने हिंदीला वाचक मिळवून दिले. मराठीत ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ होत्या. गो. ना. दातार यांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांना मराठी पेहराव चढवून ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’ लिहिल्या आणि नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने पिढ्यांना रात्री जागवले.

हरिभाऊ आपट्यांच्या सामाजिक कादंबरीने मराठीला जे मिळवून दिले ते अनमोल होते, पण त्या तेजात अद्भुताची शाखा ‘वाचनालयातला माल’ ठरली. हा निवाडा कठोर होता आणि त्याची किंमत मराठीने मोजली. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा लोकांनी फिरत्या वाचनालयांतून फडशा पाडत वाचल्या. त्यांची दखल मात्र प्रामुख्याने संख्येसाठी घेतली गेली. ‘चांदोबा’तल्या मांत्रिक-राक्षसांच्या क्रमशः कथांनी अनेकांना अक्षरओळखीतून वाचनात ओढले, त्यांनाही ‘मुलांचे’ म्हणून सोडून दिले गेले. नारायण धारप यांनी ‘समर्थ’ मालिकेत दुष्ट शक्तींशी लढणारा नायक दिला. मात्र तिथे शक्ती साधनेतून मिळालेली असते, नायक भीतीच्या पलीकडे गेलेला असतो. उपाशी, घाबरलेला, उधारीत बुडालेला आणि तरी भिंत चढणारा मराठी नायक या मांत्रिकांसमोर क्वचितच उभा राहिला. शिवकाळापासूनचे किल्ले, घाटातली भुयारे, कोकणातले देवचार आणि वेताळ ही सामग्री हाताशी असताना असे व्हावे, हे नवलच.

सध्या ही भूक मोबाइलवरच्या कथामालिका भागवत आहेत. तिथे रोज एक छोटा भाग येतो आणि उत्कंठेच्या टोकावर तोडला जातो, पण वाचक टिकवण्यासाठी भाग संपवण्याऐवजी वाढवत नेण्याकडेच कल असतो. छापील बाजूला दिवाळी अंक आहेत. रहस्य आणि अद्भुतासाठी जागा ठेवणारा ‘धनंजय’सारखा अंक त्यांत टिकून आहे. एकाच नायकाची, दरवर्षी एक, स्वतःपुरती पूर्ण अशी पन्नास पानांची साहसकथा लिहून घ्यायला संपादकांना फार मोठा खर्च येणार नाही. त्यासाठी लेखकाला मानधन मात्र वेळेवर द्यावे लागेल. हॉवर्डचे ८०० डॉलर अडकवून ठेवणारा नमुना गिरवण्याची गरज नाही.