आठवी-नववीच्या मुलांना धंदा शिकवा, याच सत्रात!

नवी मुंबईकरांनो,

८ ऑक्टोबर २०२५ला आपल्या विमानतळाचं उद्घाटन झालं. त्याआधीपासून गावागावांत एकच मागणी आहे : आमच्या पोरांना नोकरीत घ्या. मागणी रास्तच आहे. १९७०मध्ये हे शहर वसवायला सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या. १९८४च्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा कुठे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. त्या भूखंडांवर इमारती उठल्या, खाली गाळे निघाले आणि अनेक घरांनी ते भाड्याने दिले. भाडं येतं; पण गल्ल्यावर बसायला पोरांना कुणी शिकवलंच नाही. आता हे थांबायला हवं.

वाशीचं मार्केट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने आपल्या दारात आहेत. धंदा शिकायला एवढी मोठी शाळा दुसऱ्या कुठल्या शहराला मिळाली आहे?

समजा, नववीच्या तीन मुलींनी बाईंना सोबत घेऊन पहाटे मार्केटमधून दहाच्या भावाने कोथिंबिरीच्या ४० जुड्या घेतल्या. माल ४०० रुपयांचा, हमाली आणि रिक्षा ८०. सहा जुड्या सुकून गेल्या, उरलेल्या ३४ पंधराने विकल्या. हाती आले ५१०, सुटले फक्त ३०. आता त्या तिघी हिशेबाच्या वहीत डोकं घालून बसतील : पाणी कधी मारायचं, भाव कुठे पाडून मागायचा, गिऱ्हाईक परत का आलं नाही? नफा-तोट्याची शंभर गणितं सोडवून हे येत नाही.

यातली प्रत्येक मुलगी दुकान काढेलच असं नाही. कुणी बँकेत जाईल, कुणी विमानतळावर. पण पैसा कुठून येतो आणि कुठे गळतो हे जिला दिसतं, तिच्यावर साहेब जबाबदारी टाकतात. नोकरी गेली तरी ती हातपाय गाळत नाही. स्वीडनमध्ये शाळेत असताना छोटी कंपनी चालवलेल्या मुलांचा १६ वर्षांपर्यंत माग काढला गेला. पुढे स्वतःचा उद्योग काढण्याचं आणि त्यातून कमावण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त निघालं. त्यांचे उद्योग इतरांपेक्षा जास्त टिकले, असं मात्र दिसलं नाही. म्हणूनच तोटा कसा सोसायचा, हेही शिकवायलाच हवं.

व्यापाऱ्यांनो, कारखानदारांनो, बचत गटाच्या ताईंनो, महिन्यातले दोन शनिवार द्या. पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्याच बैठकीत हा विषय मांडा. भांडवल पाचशे रुपये पुरे; हिशेबाची वही मात्र मुलांच्याच हाती द्या. दिवाळीच्या सुट्टीआधी प्रत्येक पालिका शाळेत निदान एक तुकडी उभी राहिली पाहिजे. उद्याच जवळच्या शाळेत जा आणि मुख्याध्यापकांना तुमचा शनिवार सांगून या.