‘पारंपरिक’ म्हणजे नेमकं कोण?

लोकगीतांचा नवा अल्बम हाती आला की मला एक खोड आहे. गाणं ऐकण्याआधी मी नावं वाचतो. संगीत अमुक, संयोजन तमुक, बासरी, ढोलकी, ध्वनिमुद्रण... सगळ्यांची नावं असतात. असावीतच. आणि ‘गीत’ या शब्दापुढे मात्र एकच नाव, ‘पारंपरिक’. मंडळी, हे पारंपरिक गृहस्थ कोण? कुठल्या तालुक्याचे? एवढी गाणी देऊन त्यांना कधी मानधन मिळालं का हो?

थट्टा राहू द्या. ज्या बाईच्या तोंडून गाणं घेतलं तिचं नाव ठाऊक असूनही ‘पारंपरिक’ लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या रानातली कणसं मोडून आणायची आणि हुरडा पार्टीत यजमान म्हणून मिरवायचं!

हा रोग एकट्या आपला नाही. अमेरिकेत खेड्यापाड्यांतल्या गाण्यांतून ‘कंट्री म्युझिक’चा मोठा धंदा उभा राहिला. १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीअर ब्रिस्टल गावी यंत्रं घेऊन गेले आणि टोप्यांच्या एका कंपनीच्या इमारतीत त्यांनी डोंगराकडच्या माणसांची गाणी तबकड्यांवर घेतली. त्यातून कार्टर कुटुंबाचं नाव झालं. पुढे ए. पी. कार्टर गाणी गोळा करत हिंडले. सोबत लेस्ली रिडल हे कृष्णवर्णीय गिटारवादक. शब्द कार्टर उतरवून घेत, चाल रिडल ध्यानात ठेवत. तबकड्यांवर नाव कार्टरांचं. रिडल यांची आठवण जगाला झाली ती थेट १९६० च्या दशकात.

आता आपल्याकडे या. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई दळता-कांडता गायली. तिचं नाव सातशे वर्षं टिकलं, कारण अभंगाच्या शेवटी तिने ते स्वतः घातलं. खानदेशच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव कवी निघाला, त्याने आणि मावसभावाने ओळी टिपून ठेवल्या, म्हणून १९५१ मध्ये त्या गेल्यावर पुढच्याच वर्षी पुस्तक आलं. घरात टिपून घेणारं कुणी नसतं तर? आज त्यांच्या ओळी एखाद्या अल्बमवर ‘पारंपरिक’ म्हणूनच वाजल्या असत्या.

नाव राखून काम करता येतं, हे हेमा राईरकर आणि गी पॉटवँ यांनी दाखवून दिलं. १९८० च्या दशकापासून त्यांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कित्येक बायांच्या दारात जाऊन ध्वनिमुद्रण केलं. स्टुडिओ नाही, वाद्यमेळ नाही. २०१७ पासून ‘पारी’ने त्या ओव्या लोकांपुढे ठेवल्या, गाणारीच्या नावागावासकट. त्यात आमच्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे आहेत. सीतेच्या वनवासाच्या ओव्या त्यांच्या आवाजात ऐका. मागे एकही व्हायोलिन नाही, त्याची गरजही भासत नाही. पण परभणीत किती जणांना हे नाव ठाऊक आहे? आमच्याच जिल्ह्यातल्या गॅदरिंगांत ‘लोकगीत’ म्हणून नाच बसतात ते डीजेवरच्या गाण्यांवर.

आता कुणी म्हणेल, ‘मास्तर, ओवी मुळात कुणा एकीची नसतेच. लेक आईकडून शिकली, सून सासूकडून. मग नाव द्यायचं कुणाचं?’ प्रश्न रास्त आहे. पण मालकी वेगळी आणि उल्लेख वेगळा. पहिली ओवी कुणी रचली हे सांगता येणार नाही, कबूल. तुम्ही कुणाकडून घेतली, हे तर सांगता येतं ना? ‘अमुक बाईंकडून, अमुक गाव, अमुक साल’ एवढी एक ओळ छापायला किती जागा लागते? शिवाय एकच ओवी प्रत्येक बाई आपल्या सुखदुःखाप्रमाणे वळवते, शब्द बदलते. तो बदल तिचाच असतो. आणि गाण्यावर पैसा झाला तर त्यातला वाटाही तिचा. आपल्या कॉपीराइट कायद्याने १९९४ च्या दुरुस्तीत गाणाऱ्याचे हक्क मान्य केले आहेत. म्हातारी वकील लावणार नाही, एवढ्या भरवशावर ते बुडवायचे का?

चांगली चाल, चांगला वाद्यमेळ यांना माझा विरोध नाही. नव्या पिढीच्या कानावर गाणं जायचं तर तेही हवं. पण मिक्सिंग करणाऱ्याचं नाव आठवतं आणि गाणं देणारीचं आठवत नाही, हा विसर सोयीचा आहे.

तेव्हा ब्लॉगवाल्या मित्रांनो आणि आमच्या गोतावळ्यातल्या पोरांनो, तुमच्या मोबाइलमध्ये एखाद्या आजीची, मावशीची ओवी असेल तर फाइलला नाव देताना ‘जुनं गाणं’ लिहू नका. तिचं नाव लिहा, माहेर लिहा, सासर लिहा, तारीख टाका. म्हणजे उद्या त्याचा अल्बम निघाला, तर ‘पारंपरिक’ लिहिणाऱ्यापुढे ते नाव ठेवता येईल.