नांव मोठें, पण लक्षण पाहिलें काय?

गळिताचा हंगाम सुरू झाला, म्हणजे आमच्या भवानीनगरच्या रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागते, आणि त्याच सुमारास आमच्या ओटीवर एका ठराविक प्रश्नाची रांग लागते. "गुरुजी, फ्रिज घ्यावयाचा आहे, कोणत्या कंपनीचा घ्यावा?" "गुरुजी, मुलाला अभ्यासासाठीं टॅब्लेट हवा. कोणती कंपनी टिकते?" आयुष्यभर शिकविण्याचा धंदा केल्यामुळें आम्हांस सर्व कांहीं ठाऊक असावें, अशी लोकांची समजूत आहे, आणि खरें सांगावयाचें तर कांहीं वर्षांपूर्वीपर्यंत आमचीही तीच समजूत होती. आमचें उत्तर एकच असे: "नांवाजलेल्या कंपनीची वस्तु घ्यावी. चार पैसे अधिक पडतील, पण डोक्याला ताप नाहीं." हें उत्तर अर्धेंच खरें आहे, हें आम्हांस आमच्याच घरांत शिकावें लागलें. तो धडा वाचकांपुढें मांडावा, म्हणून हा प्रपंच.

पांच-सहा वर्षांपूर्वीं घरांत धुण्याचें यंत्र घ्यावयाचें ठरलें. घर मोठें, माणसें अकरा. ओटीवर चर्चा झाली ती अर्थातच पुरुषांची. थोरल्या सूनबाईनें दारांत उभें राहून एवढेंच विचारलें, "मामंजी, सणसरचा मेकॅनिक ज्या कंपनीचीं यंत्रें दुरुस्त करतो, तिचेंच घेतलें तर? बिघडलें तर हांकेला येईल." आम्हीं हंसून म्हटलें, "अग, जें बिघडावयाचेंच नाहीं, त्याला मेकॅनिक कशाला?" आणि बारामतीस जाऊन एका मोठ्या नांवाचें, दहा वर्षांच्या हमीचें यंत्र घेऊन आलों. त्या कंपनीचें नांव येथें देण्याचें कारण नाहीं. दोष तिचा किती आणि आमचा किती, हें पुढें दिसेलच.

गेल्या आषाढांत तें यंत्र एकाएकीं बंद पडलें. त्याच वेळीं आमच्या वहिनी खुब्याचें हाड मोडून अंथरुणास खिळल्या होत्या. ज्या घरांत असें दुखणें झालें आहे, त्यांस दिवसाकाठीं किती चादरी निघतात हें सांगावयास नको. कंपनीचा माणूस नवव्या दिवशीं आला. यंत्र उघडून पाहिलें आणि म्हणाला, "बोर्ड जळला आहे. हा बोर्ड आतां निघत नाहीं." आम्हीं हमीपत्र पुढें केलें. त्यानें तें न वाचतांच सांगितलें, "दहा वर्षांची हमी मोटरची आहे. मोटर तुमची उत्तम आहे." हें त्यानें जणूं आमचें अभिनंदन केल्यासारखें सांगितलें!

दीड महिना दोन्ही सुनांनीं चादरी हातानें धुतल्या. पावसाळ्याचे दिवस, वाळवावयास ऊन नाहीं. धाकटीच्या हातांस भेगा पडल्या. एके दिवशीं आमच्या ध्यानांत आलें कीं, वहिनींच्या उशाशीं ठेवलेला पाण्याचा तांब्या सकाळीं भरलेला तसाच असतो. विचारलें तर म्हणाल्या, "भावोजी, हल्लीं रात्रीं तहानच लागत नाहीं मला." पुढें थोरल्या सूनबाईनें खरें कारण सांगितलें. चादर ओली होऊं नये, मुलींना पहाटे पुन्हां धुवावी लागूं नये, म्हणून त्या संध्याकाळनंतर पाणी पीत नव्हत्या. ऐंशींच्या घरांतलें माणूस! वस्तु निवडली आम्हीं ओटीवर बसून, आणि तिची किंमत फेडली ती परसदारीं आणि माजघरांत.

तेव्हांपासून 'विश्वसनीय कंपनी' या शब्दांचा अर्थ काय, याचा आम्हीं जरा बारकाईनें विचार केला. न्यायशास्त्रांत ज्ञानाचीं चार साधनें मानलीं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. कंपनीचें नांव हें शब्दप्रमाण होय. शब्दावर विसंबणें गैर नाहीं. प्रत्येक वस्तु उघडून पाहण्याची विद्या कोणा गृहस्थापाशीं आहे? परंतु शास्त्राची अट अशी कीं, तो शब्द आप्ताचा असला पाहिजे. ज्याला वस्तूचें यथार्थ ज्ञान आहे आणि जें आहे तेंच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आम्हीं शब्द ऐकला. बोलणारा कोण, हें विचारलें नाहीं.

पहिला प्रश्न म्हणून हाच: या नांवामागें आज कोण उभा आहे? छायाचित्रांच्या फिल्मसाठीं जगभर नांवाजलेल्या कोडॅक कंपनीनें २०१२ सालीं अमेरिकेंत दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढें भारतांत कोडॅक नांवाचे टीव्ही संच बाजारांत आले. ते बनविणारी कंपनी निराळी, नांव तेवढें परवान्यानें घेतलेलें. नोकियानें आपला मोबाइलचा धंदा २०१४ सालीं मायक्रोसॉफ्टला विकला, आणि त्यानंतर काहीं वर्षांनीं एचएमडी या दुसऱ्याच कंपनीनें नोकिया नांवाचे फोन काढले. फिलिप्सनें आपला घरगुती उपकरणांचा धंदा २०२१ सालीं विकला. उपकरणांवरचें नांव मात्र तेंच राहिलें. यांत लबाडी आहे असें आमचें म्हणणें नाहीं, आणि नव्या निर्मात्याचा माल चांगलाही असूं शकेल. पण वडिलांच्या वेळच्या रेडिओची पुण्याई आजच्या मिक्सरच्या खात्यावर जमा करतां येत नाहीं, एवढें खास. खोक्यावर बारीक अक्षरांत निर्मात्याचें नांव व पत्ता छापलेला असतो, तो दुकानांतच वाचावा.

आपल्या महाराष्ट्रांतलेंच उदाहरण घ्या. रंगीत टीव्ही भारतांत १९८२ सालीं आला, आणि पुढच्या दशकांत व्हिडिओकॉन हें आपल्या मराठवाड्यांत वाढलेलें नांव घरोघरीं पोंचलें. तीच कंपनी २०१८ सालीं कर्जापायीं दिवाळखोरीच्या न्यायप्रक्रियेंत सांपडली. माल बरा असला तरी मालक बुडाला, तर हमीपत्र कोणास दाखवावयाचें? उलट, नांव नवें म्हणून वस्तु वाईट, असेंही नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं लोखंडी नांगर काढला, तेव्हां लोखंडानें जमिनींत विष कालवेल म्हणून शेतकरी तो घेईनात. तेव्हां किर्लोस्कर हें नांव नव्हतेंच; नांगरानें शेतांत काम केलें, मग नांव झालें. नांव हें कर्माचें फळ आहे. फळ पाहून मूळ जिवंत आहे असें मानूं नये.

दुसरा प्रश्न: हें नांव कोणत्या वस्तूसाठीं मोठें? व्याकरणांत पहिला आलेला मुलगा गणितांतही पहिला येतो, असा आमचा अनुभव नाहीं. एलजीचा घरगुती उपकरणांचा कारखाना आपल्याच जिल्ह्यांत रांजणगांवीं आहे. पण त्याच कंपनीनें मोबाइल बनविण्याचा धंदा २०२१ सालीं बंद केला. म्हणून फ्रिज चांगला निघाला तर पुढचा फ्रिज घेतांना तो अनुभव जमेस धरावा. फोन घेतांना नवा हिशेब मांडावा.

तिसरा प्रश्न: जें चिन्ह आपण पाहतों, तें कशाची साक्ष देतें? फ्रिजवर तारे असतात. पांच तारे म्हणजे वस्तु पक्की, असें पुष्कळ सुशिक्षित घरांतही समजतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनें २००६ सालीं सुरू केलेली ही पद्धत केवळ विजेच्या खर्चापुरती आहे. टिकाऊपणाविषयीं ते तारे कांहींच बोलत नाहींत. आयएसआय चिन्ह ठरलेल्या मानकाची व सुरक्षिततेची साक्ष देतें; दुरुस्ती कोण करील हें तें सांगत नाहीं. आणि 'दहा वर्षांची हमी' हे शब्द मोठ्या अक्षरांत असले, तरी ती बहुधा मोटरची किंवा कॉम्प्रेसरची असते. बाकी साऱ्या यंत्राची हमी एखाद-दोन वर्षांचीच. आजच्या यंत्राचा नाजूक भाग मोटर नसून बोर्ड आहे, आणि आमच्या भागांत विजेचा दाब वरखालीं होतो तेव्हां त्यालाच धक्का बसतो. बोअरचें पाणी क्षारयुक्त असेल तर गिझर व धुण्याचें यंत्र यांच्या पोटांत क्षार सांचतात, तो दोष कंपनीच्या माथीं मारतां येत नाहीं. यास्तव बोर्डाची हमी किती, मजुरी कोणाची, आणि स्टॅबिलायझर लागेल काय, हे तीन प्रश्न पैसे देण्यापूर्वीं विचारावे.

मोबाइल आणि टॅब्लेट यांचा आणखी एक विशेष आहे. हीं यंत्रें न मोडतांही म्हातारीं होतात. कंपनीनें सुरक्षेचीं अद्ययावत दुरुस्त्या पाठविणें बंद केलें, कीं यंत्र धडधाकट असूनही बँकेच्या व्यवहारास धोक्याचें होतें, आणि कांहीं वर्षांनीं नवे ॲप त्यावर चालेनासे होतात. आम्हां निवृत्तांचा हयातीचा दाखलाही आतां फोनसमोर चेहरा धरून देतां येतो; तेव्हां ही बाब केवळ मुलांच्या करमणुकीची राहिली नाहीं. गूगलनें २०२३ सालीं व सॅमसंगनें २०२४ सालीं आपल्या महाग फोनांस सात वर्षें अशा दुरुस्त्या देण्याचें वचन दिलें. स्वस्त फोनांस इतकीं वर्षें बहुधा मिळत नाहींत. किंमत त्या वर्षांनीं भागून पाहावी. पुष्कळदां स्वस्त तें महाग आणि महाग तें स्वस्त असल्याचें दिसून येतें.

मोठ्या नांवाच्या हातून चूक होतच नाहीं, असेंही नाहीं. सॅमसंगचा गॅलक्सी नोट ७ हा फोन २०१६ सालीं बॅटरी पेट घेऊं लागल्यामुळें जगभरांतून परत मागवावा लागला आणि त्याचें उत्पादनच थांबलें. चूक झाल्यावर कंपनी काय करते, यांतच तिचें आप्तत्व दिसतें. माल परत घेते, कीं ग्राहकालाच दोष देते?

आतां साक्ष कोणाची घ्यावी? दुकानदार सज्जन असला तरी त्याचा नफा विक्रींत आहे. शेजाऱ्यानें गेल्या महिन्यांत घेतलेल्या यंत्राची स्तुति ऐकण्यांत अर्थ नाहीं. पांचवें वर्ष ज्याच्या घरीं चालू आहे, त्यास विचारावें. आणि एकाच घराच्या अनुभवानें निकाल देऊं नये. आमचें एक यंत्र बिघडलें म्हणून ती कंपनीच वाईट, असें म्हणणें म्हणजे एका उदाहरणावरून व्याप्ति बांधणें होय. तो तर्कदोष आहे. अनेक कंपन्यांचीं यंत्रें दुरुस्त करणारा, पण विकत कांहींच नसलेला मेकॅनिक हा या विषयांतला त्यांतल्या त्यांत आप्त. मात्र त्यालाही प्रश्न नीट विचारावा. "कोणतीं यंत्रें जास्त येतात?" असें विचारूं नये, जीं जास्त खपतात, तींच जास्त येणार. "कोणाचे सुटे भाग मिळतात, आणि किती दिवसांत?" असें विचारावें. आमच्या सूनबाईनें तर्कशास्त्र न शिकतां पांच वर्षांपूर्वीं नेमका हाच प्रश्न विचारला होता.

इतकी काळजी घेऊनही फसगत झालीच, तर मुकाट्यानें बसूं नये. बिंदुमाधव जोशी यांनीं १९७४ सालीं पुण्यांत ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, तेव्हां ग्राहकासाठीं वेगळा कायदाही नव्हता. तो १९८६ सालीं आला, आणि २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ हा आहे. जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. पण यासाठीं पावती हवी. आमच्या घरांत आतां एक वही केली आहे. प्रत्येक वस्तूची खरेदीची तारीख, किंमत, हमी कोणत्या भागाची, कोणत्या दिवशीं काय बिघडलें, कोण आलें, किती घेतलें, हें तींत लिहितों. दहा वर्षांनीं ही वही कोणत्याही जाहिरातीपेक्षां अधिक खरें बोलेल. अशी वही घरोघरीं असावी आणि शेजाऱ्यांनीं ती एकमेकांस दाखवावी.

नवें यंत्र श्रावणांत आलें. या खेपेस आम्ही ओटीवरच बसून राहिलों. बारामतीस दोघी सुना गेल्या. नांव आम्हीं पूर्वीं फारसें न ऐकलेलें आहे, पण निर्माता चालू आहे, बोर्डाची हमी लेखी आहे, आणि सणसरचा मेकॅनिक दुसऱ्या दिवशीं येतो. तें किती वर्षें टिकेल हें आज सांगतां येणार नाहीं. वहींत पहिली ओळ मात्र लिहिली आहे. वहिनींच्या उशाशींचा तांब्या आतां सकाळीं रिकामा असतो.

म्हणून वाचकांस आमची एवढीच विनंती: वस्तु घरांत आणण्यापूर्वीं, ती बंद पडेल त्या दिवशीं तिचें काम कोणाच्या हातांवर येणार आहे हें पाहावें, आणि निवडीचा पहिला शब्द त्या माणसाचा असावा.