रक्तदाबाच्या गोळीसोबत दोन प्रश्न

देशातल्या वृद्धांच्या तब्येतीची सर्वांत मोठी नोंद मुंबईतल्या देवनारला होते. इथल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरात पंचेचाळिशी ओलांडलेले लोक आणि त्यांचे जोडीदार अशा मिळून ७२ हजारांहून अधिक जणांची पाहणी केली. साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांमध्ये तीव्र नैराश्याची लक्षणे आढळली. डॉक्टरांनी तसे निदान केल्याचे सांगणारे होते अवघे ०.८ टक्के.

बाकीचे जातात कुठे? दवाखान्यातच जातात, पण दुसरीच तक्रार घेऊन. देवनार गावठाणातल्या ईस्ट इंडियन घरांपासून कचराभूमीलगतच्या शिवाजीनगरपर्यंत मराठी, उर्दू, भोजपुरी, तमिळ बोलणारी म्हातारी माणसे राहतात. एखादी आजी सांगते, ‘झोप लागत नाही, अंग मोडून येतं.’ तिची शेजारीण म्हणते, ‘दिल घबराता है.’ ओपीडीच्या रांगेत मनाचे कुणी विचारत नाही आणि घरचे म्हणतात, वयच झालं आता.

वयाने नैराश्य अटळ होत नाही. ते बरे होते, आधीच ओळखले तर टळतेही.

गोव्यात डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी सौम्य लक्षणे असलेल्या १८१ ज्येष्ठांचे दोन गट करून हे तपासले. मानसोपचारतज्ज्ञ नव्हे, तर प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी एका गटाला अडचणींतून वाट काढायला, झोपेची घडी बसवायला, मधुमेहासारखे आजार सांभाळायला शिकवले; सरकारी योजना मिळवून दिल्या. वर्षभरात या गटातल्या ४.४ टक्के लोकांना तीव्र नैराश्य आले. नेहमीचेच उपचार मिळालेल्या दुसऱ्या गटात १४.४ टक्के लोकांना. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

मुंबईला हे जमण्यासारखे आहे. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर अनेक भाषांत मोफत सल्ला मिळतो, पण ऐकू कमी येणाऱ्या, एकट्या आजोबांना फोनपेक्षा समोर बसलेले माणूस हवे. पालिकेच्या दवाखान्यात रक्तदाबाच्या गोळ्या देताना प्रत्येक ज्येष्ठाला त्याच्या भाषेत दोनच प्रश्न विचारावेत: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होते का? कशात रस वाटेनासा झाला का? उत्तर ‘हो’ आले, तर वस्तीतल्याच प्रशिक्षित सेविकेने घरी जावे आणि आजार तीव्र असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने या उपचारांचा हक्क दिलाच आहे.

हे काम आशा सेविकांच्या डोक्यावर फुकटात टाकू नये. पालिकेने देवनार ज्यात येते त्या एम पूर्व विभागापासून सुरुवात करावी आणि सेविकांच्या प्रशिक्षणासाठी व मानधनासाठी येत्या अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद करावी.