वरातीतले भगवानदादा

धर्माबादच्या वरातीत दोन ताल एकमेकांशी भांडत असतात. पाहुणे बासर-निजामाबादकडचे असले की तीनमार वाजतो, आपल्याकडची मंडळी पुढे सरकली की हलगी कडाडते. पोरं दोन्हींवर नाचतात. थोराड माणसं मात्र कडेला उभी असतात, टोप्या सावरत. मग बँडवाला ‘अलबेला’तली धून धरतो आणि तीच माणसं आत शिरतात. मोंढ्यात दिवसभर मिरचीची पोती वाहिलेला हमाल असतो, आडत्या असतो, नवरदेवाचा मामा असतो. गुडघे जरा वाकलेले, कोपरं अंगाशी, पाय जमिनीवरून जेमतेम सुटलेले, खांदे आणि पंजे तेवढे तालावर हलणारे. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. त्यातल्या कित्येकांनी तो सिनेमा पाहिलेलाही नाही.

ही चाल भगवान आबाजी पालव या माणसाची. १ ऑगस्ट १९१३ चा जन्म, वडील कापड गिरणीत कामगार. दादांनीही आधी मजुरी केली, मूकपटात लहानसहान कामं केली आणि पुढे कमी खर्चाच्या मारधाडीच्या चित्रपटांत जम बसवला. कसरतीनं कमावलेलं बुटकं, भरदार अंग होतं त्यांचं. असं अंग उड्या मारायला गेलं तर हास्यास्पद दिसेल, हे त्यांना नेमकं कळलं होतं असं मला वाटतं. म्हणून त्यांनी हालचाल कमी केली. नाच कमरेच्या वर ठेवला, चेहरा आनंदानं भरून टाकला आणि ताल सांभाळायचं काम पंज्यांकडे दिलं.

‘अलबेला’ १९५१ चा. निर्माते, दिग्दर्शक आणि नायक, तिन्ही दादाच. नाटकाच्या वेडापायी घराबाहेर पडलेला प्यारेलाल त्यांनी केला. शेजारी गीता बाली, विजेसारखी चपळ. ती भिरभिरत राहते आणि हा आपला जागच्या जागी डुलतो, त्या जोडीची सगळी गंमत यातच आहे. संगीत पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं, म्हणजे आपल्या सी. रामचंद्र अण्णांचं. दादांसाठी गळाही त्यांनीच दिला. दोघांची दोस्ती जुनी. १९४१ साली दादांनी ‘वनमोहिनी’ हा तमिळ चित्रपट केला, त्यालाही संगीत अण्णांचंच होतं. बाँगो-ट्रम्पेटचा परदेशी थाट अण्णांनी आणला आणि दादांनी तो अस्सल देशी अंगावर चढवला. त्या वर्षी ‘आवारा’ आणि ‘बाजी’ जोरात असतानाही ‘अलबेला’ तुफान चालला.

पुढचं लोक चघळून सांगतात. दादांच्या नंतरच्या ‘झमेला’ या चित्रपटाला ते यश मिळालं नाही, कर्ज वाढलं, बंगला गेला, गाड्या गेल्या, दादरच्या चाळीतली खोली राहिली. हे खरंच घडलं आणि वाईट घडलं. पण दादांचं नाव निघालं की नुसती बंगल्याची गोष्ट सांगायची, याचा मला राग येतो. त्या माणसानं दिलं काय, ते कुणी बोलत नाही. १९५५ च्या ‘झनक झनक पायल बाजे’त गोपीकृष्ण आणि संध्या यांचं नृत्य डोळे दिपवतं. त्या चित्रपटात दादाही छोट्या भूमिकेत आहेत. पण कथ्थकच्या त्या चकरा बघायच्या आणि हात जोडायचे. वरातीत कोण घेणार? दादांनी पोट सुटलेल्या, वय झालेल्या, लाजणाऱ्या माणसाला नाचायची मुभा दिली. अमिताभ बच्चनच्या पावलांतही लोकांना दादाच दिसले.

४ फेब्रुवारी २००२ ला दादा गेले. २०१६ मध्ये ‘एक अलबेला’ या मराठी चित्रपटात मंगेश देसाईंनी त्यांना उभं केलं. तोही बघावा, पण आधी मूळ बघावा.

गावातल्या गणेश मंडळांना माझी विनंती आहे. विसर्जनाला दादांची गाणी तुम्ही वाजवताच. यंदा दहा दिवसांतली एक रात्र पडदा लावा आणि ‘अलबेला’ दाखवा. मोंढ्यातल्या हमालांना पुढच्या रांगेत बसवा.