बोलणे परतेपर्यंत

"मॅडम, हा तक्ता हातात दिला तर बाबा बोलायचा प्रयत्नच सोडून देतील ना?" वाचाघात झालेल्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे वाचा गेलेल्या रुग्णाच्या घरचे हा प्रश्न हमखास विचारतात. तीच शंका आपल्या वाचोपचारतज्ज्ञांपैकी अनेकांच्या मनातही असते. त्यामुळे चित्रफलक, संवाद-वही, मोबाइलमधले अ‍ॅप ही साधने आपण उपचार थकल्यावर बाहेर काढतो. तोवर कित्येक महिने माणूस घरातल्या घरात मुका राहतो.

आपल्या शास्त्राचा आरंभ आठवा. १८६१ मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका यांनी तपासलेल्या रुग्णाच्या तोंडून जवळपास 'तां' एवढेच निघत असे. तो 'तां' आणि त्याच्या मेंदूतली इजा झालेली जागा आपण पाठ केली. ब्रोका यांची आणखी एक नोंद मात्र विसरलो. इथे किती वर्षे आहात, असे विचारल्यावर त्या माणसाने हाताची बोटे चार वेळा उघडली आणि मग एक बोट दाखवले. एकवीस वर्षे. उत्तर अचूक होते. वाचा गेली होती, सांगण्यासारखे मनात होतेच.

माझ्याकडे आलेले एक शेतकरी आजोबा कशालाही 'नाही, नाही' म्हणत. 'त्यांना काही कळत नाही,' असे मुलगा सांगे. आम्ही शेत, विहीर, गोठा, घरची माणसे यांचे फोटो वहीत चिकटवले. डाव्या हाताने पाने उलटत आजोबा गोठ्यापाशी थांबले आणि बोट आपटू लागले. आजींनी मोठ्या अक्षरांत लिहिले: चारा, दूध, गाय. बोट 'गाय'वर गेले. दवाखान्याच्या खर्चासाठी गाय विकली होती आणि त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्या दिवसापासून त्या घरात आजोबांना विचारल्याशिवाय व्यवहार होत नाही.

साधनामुळे वाचा खुंटते, याला आधार नाही. उलट चित्राखालचा ठळक शब्द कित्येकांच्या ओठांवर त्या शब्दाचे पहिले अक्षर आणतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात 'हो-नाही'चे कार्ड द्या आणि मिळालेले उत्तर उलट विचारून पडताळा. उजवीकडचे दिसत नसेल तर फलक डावीकडे धरा. सुरी-काट्याच्या परक्या चित्रांऐवजी घरची भाकरी, घरचा देव्हारा असू द्या. प्रत्येक पानावर 'विषय तो नाही' आणि 'थांबा' हवेच. मुंबईच्या आयआयटीत घडलेले 'जेलो' अ‍ॅप मराठीतही आहे. मुख्य म्हणजे सराव रुग्णाइतकाच घरच्यांचा घ्या. प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहत मनात दहा अंक मोजायला त्यांना शिकवा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचाघाताला वाचा-भाषा दिव्यांगत्वात स्थान दिले आहे आणि संवादाच्या व्याख्येत पर्यायी पद्धतीही घेतल्या आहेत. कायद्याने जे मानले, ते आपल्या केसपेपरवर उतरायला हवे. पहिल्या भेटीच्या कागदावर एक रकाना वाढवू या: आज घरी जाताना या माणसाच्या हाती सांगण्याचे कोणते साधन दिले? तो रकाना कोरा ठेवून कोणालाही घरी पाठवू नका.